अकरा शाळांचा आकडा

दैवशालाबाईंच्या स्कूटीच्या डिकीत जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असायचा. लाल, पिवळ्या, गुलाबी, कडेनं सोनेरी वेल असलेल्या. ईटला माहेरी गेल्या की त्या भाऊबंदांच्या घरी फडताळ उघडायला लावायच्या आणि जमलेल्या पत्रिका उचलून आणायच्या. लोकांना वाटायचं, बाईंना पोरीच्या लग्नासाठी नमुने बघायचेत. बाईंना पोरगीच नव्हती. दोन्ही पोरं पुण्याला नोकरीला होती आणि नवरा बलभीम घरची बारा एकर बघत होता.

पत्रिका होत्या पोरांचं वाचन तपासायला. बाई चिंचमाळच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीच्या शिक्षिका होत्या आणि दोन वर्षांपासून त्यांच्याकडं केंद्रप्रमुखाचा प्रभारही होता. म्हणजे आपला वर्ग सांभाळून आजूबाजूच्या अकरा शाळांवर लक्ष ठेवायचं, कुठल्या शाळेत काय चाललंय ते बघायचं आणि दर महिन्याला तालुक्याला अहवाल द्यायचा. आधीचे प्रभारी हे काम फोनवर उरकायचे. बाई स्वतः जायच्या. वर्गात शिरायच्या, खाली पोरांत बसायच्या आणि एक पत्रिका उलगडून समोरच्या पोराच्या हातात द्यायच्या.

पाठ्यपुस्तकावर त्यांचा भरवसा नव्हता. पुस्तकातले धडे वर्षभर ऐकून पोरांना तोंडपाठ झालेले असतात, पान उलटलं तरी पोरगं आधीचंच पान वाचत राहतं. लग्नपत्रिका मात्र कुणी पाठ करत नाही. तिच्यात जोडाक्षरं भरपूर, आडनावं भलतीच, आणि खाली बारक्या अक्षरात 'आमच्या आत्तूच्या लग्नाला यायचं हं' असतं. तिथपर्यंत जे पोरगं पोचलं, ते वाचतं. बाईंची परीक्षा एवढीच होती आणि ती कुणाच्या बापाला चुकवता येत नव्हती.

कोरडेवस्तीच्या बालाजी सरांना तर ती मुळीच चुकवता आली नाही. हा तिशीतला तरतरीत शिक्षक, बोलायला गोड, फळ्यावर चित्रं झकास काढायचा. त्यानं आपल्या बावीसपैकी बावीस पोरं वाचतात असं लिहून दिलं होतं. बाई गेल्या, बावीस पोरांपुढं बावीस पत्रिका ठेवल्या आणि पाचच जण शेवटपर्यंत गेले. बाईंनी त्याच्या समोर बसून त्याचा आकडा खोडला आणि पाच लिहिला.

"मॅडम, सगळेच असं लिहितेत," बालाजी सर म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"सगळ्यांचं खोडणारच हाय मी," बाई म्हणाल्या. "तुमच्यापासनं सुरुवात केली, कारण तुमी तरुण आहात. तुमाला सुधारायला वेळ हाय."

झालंही तसंच. जुलै अखेरीस बाईंनी बाकीच्या शाळांचेही आकडे खोडून नवे लिहिले आणि केंद्राचा अहवाल तालुक्याला नेऊन दिला. चारशे बारा पोरं, त्यातली वाचणारी अडतीस टक्के. शेजारच्या केंद्रांचे अहवाल ब्याण्णव, चौऱ्याण्णव, सत्त्याण्णव असे होते. गटशिक्षणाधिकारी गौरीशंकर साहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, हे जिल्ह्याला पाठवलं तर तिथं माझं काय होईल, माहितीय का तुम्हाला?"

"पोरांचं काय होईल ते माहितीय साहेब. आकडा खरा हाय."

"खरा असेल. पण तुमचं केंद्र जिल्ह्यात शेवटून पहिलं येतंय. थोडं इकडं तिकडं करून आणा."

बाईंनी कागद परत घेतला नाही. उलट त्याच टेबलावर बसून त्यांनी खाली एक ओळ लिहिली: जानेवारी अखेर हे केंद्र सत्तर टक्क्यांवर नेईन, न जमल्यास प्रभार सोडेन. सही केली, तारीख टाकली. साहेब हसले, पण त्यांनी कागद ठेवून घेतला. असा लेखी शब्द तालुक्यात आजवर कुणी दिला नव्हता, आणि साहेबांना तो सोयीचाच होता. सत्तर झाले तर श्रेय त्यांचं, नाही झाले तर खापर बाईंचं.

बाईंना प्रभार सोडायची अजिबात इच्छा नव्हती, हे इथं सांगून टाकायला हवं. त्यांना हे काम मनापासून आवडायचं. तीस वर्षं एका खोलीत काढल्यावर अकरा गावं त्यांची झाली होती. सकाळी स्कूटीला किक मारली की कुठल्या माळावर कुणाची शेळी कुणाच्या तुरीत शिरली इथपर्यंत त्यांना ठाऊक असायचं. त्या शाळेत शिरल्या की मास्तर खुर्चीतून उठायचे, आणि धाकापेक्षा भरवशानं उठायचे, असं त्यांना वाटायचं. ते बरंचसं खरंही होतं.

पुढचे सहा महिने त्यांनी केंद्र पिंजून काढलं. कुठल्या शाळेत बाराखडीचे तक्ते नव्हते तिथं रात्रीतून नाही, पण आठवड्यात आणले. कुठं मास्तर ऑनलाइन माहिती भरण्यात अर्धा दिवस घालवत होते, तिथं बाई स्वतः फोन घेऊन बसल्या आणि मास्तरांना वर्गात पाठवलं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत जाऊन त्यांनी आज्यांची समजूत काढली, की नातवंडं गावात ठेवा, दुपारचं शाळेत जेवतील, रात्रीचं तुम्ही बघा. बऱ्याच आज्यांनी ऐकलं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या नातवंडांची पुस्तकं बाईंनी फडावर जाणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये बांधून दिली.

बालाजी सरांनी सुरुवातीला दोन महिने अबोला धरला. मग एकदा बाई कोरडेवस्तीला अचानक गेल्या, तर पोरं गिरणीपुढं ओळीनं उभी, आणि गिरणीच्या भिंतीवरची जाहिरात एकेक जण वाचतोय. सर मागं उभे होते, पिठानं पांढरे झालेले.

"वर्गातलं सगळं वाचून झालं मॅडम," ते म्हणाले. "आता गाव वाचायला घेतलंय."

त्या दिवशी परतताना बाईंना गाणं म्हणावंसं वाटत होतं.

जानेवारीत पडताळणीची वेळ आली. बाईंनी नियम केला, की कुणीही आपली शाळा तपासायची नाही. एकाची शाळा दुसऱ्यानं तपासायची आणि त्या वेळी वर्गाच्या शिक्षकानं बाहेर थांबायचं. केंद्राच्या बैठकीत स्टीलच्या डब्यात अकरा चिठ्ठ्या टाकल्या. बालाजी सरांनी उचललेल्या चिठ्ठीवर चिंचमाळ निघालं. सगळे मास्तर हसले.

"सर, जपून जा. वाघिणीच्या घरात निघालाव," कुणीतरी म्हणालं.

"उट्टं काढा आता," दुसरा म्हणाला. बाईही हसल्या. चिंचमाळची त्यांना फिकीर नव्हती. मागल्या वर्षी त्यांच्या वर्गातला उत्कर्ष शिष्यवृत्तीत तालुक्यात दुसरा आला होता. जुलैच्या अहवालात चिंचमाळच्या सव्वीसपैकी चोवीस असं त्यांनी लिहिलं होतं आणि ते लिहिताना त्यांचा हात अडखळला नव्हता. आपली पोरं आपल्याला माहीत असतात. बाकी दहा शाळांत त्यांनी पत्रिका वाटल्या, अकराव्या शाळेत त्याची गरज पडली नाही.

पडताळणीच्या दिवशी बाई ऑफिसच्या खोलीत बसल्या. पहिली-दुसरीच्या हर्षाली मॅडमही तिथंच हजेरीपट लिहीत होत्या. ही दोन वर्षांपूर्वी लागलेली मुलगी, कामाला वाघ, पण बाईंपुढं फार बोलायची नाही. मधल्या भिंतीला वरच्या बाजूला झरोका होता, त्यातून वर्गातला आवाज स्पष्ट यायचा. बालाजी सरांनी पहिलं नाव पुकारलं. पत्रिका उलगडल्याचा आवाज आला. मग काहीच आलं नाही.

पोरगं बुजलं असेल, बाईंना वाटलं. नवा माणूस बघून पोरं बुजतात. दुसरं नाव झालं. एक बारीक आवाज 'श्री' म्हणाला, मग 'ग', मग बराच वेळ गेला आणि 'गाय' म्हणाला. तिसरी पोरगी भराभर बोलायला लागली तेव्हा बाईंनी श्वास सोडला, पण ती पत्रिका वाचत नव्हती, पुस्तकातली कविता म्हणत होती. बालाजी सरांनी तिला मऊ आवाजात थांबवलेलं बाईंना ऐकू आलं.

सातव्या पोरापर्यंत बाई खुर्चीत नीट बसल्या होत्या. बाराव्याला त्यांनी झरोक्याकडं पाठ केली. हर्षाली मॅडमचं लिहिणं केव्हाच थांबलं होतं.

"तुला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"व्हय मॅडम."

"मग सांगितलं का न्हाईस?"

हर्षालीनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "तुमी सकाळी हजेरी घेऊन निघायचाव. मग माझी एकतीस आन् तुमची सव्वीस, सगळी एकाच खोलीत. पहिलीच्या पोरांना अक्षरं शिकवायची, तर तुमच्या पोरांना मी काय देणार? बघून लिवा म्हणायचे. रोज चार पानं. तुमी संध्याकाळी येऊन वह्या बघायचाव, शेरा द्यायचाव. मला वाटलं, तुमी बघताव म्हंजी तुमाला कळतंय."

कपाटात त्या सव्वीस वह्या होत्या. बाईंनी एक काढली, अर्पिताची. पानंच्या पानं मोत्यासारखं अक्षर, कुठं खाडाखोड नाही, ओळ सोडून गेलेली नाही. प्रत्येक पानाखाली बाईंच्या हातचं 'छान', 'सुंदर', 'अतिसुंदर'. सहा महिने त्या ही वही बघत होत्या आणि वाचणारं पोरगंच असं लिहील असं धरून चालल्या होत्या. पोरगी अक्षरांची चित्रं काढत होती. बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली. इतकी की हर्षालीकडं बघवेना.

बालाजी सर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातातल्या तक्त्यावर आकडा लिहायची चौकट कोरी होती. त्यांनी दार लोटून घेतलं.

"नऊ मॅडम," ते हळू म्हणाले. "सव्वीसातली नऊ."

"ऐकलं मी."

"मी त्या अर्पिताला विचारलं, तुला कोण शिकवतं. तर म्हणली, आमच्या बाई लई हुशार हायेत, त्या गाडीवर असत्यात." सर हसले नाहीत. खुर्ची ओढून ते बाईंसमोर बसले. "मॅडम, मी बाकीच्यांचा फोनवर हिशेब लावलाय. तुमची नऊ धरली तर केंद्र सदुसष्टावर थांबतंय. जुलैतली चोवीस ठेवली तर सत्तरच्या वर जातंय. तुमी सगळ्यांसाठी इतकं राबलाव. मला चोवीस लिहू द्या. ही पोरं आपण दोन महिन्यांत तयार करू. मी रविवारी येतो. कुणाला कळणार बी न्हाय."

तो मनापासून बोलत होता. उट्टं काढायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं, आणि तेच बाईंना सहन होईना. ज्याचा आकडा त्यांनी भर वर्गात खोडला होता, तोच त्यांना वाचवायला निघाला होता. क्षणभर त्यांच्या मनात आलंच, की घ्यावं. सत्तर टक्के झाले तर प्रभार कायम होईल, मार्चमध्ये साहेब जिल्ह्यात शिफारस करतील, दोन महिन्यांत ही पोरंही वाचू लागतील. कुणाचं नुकसान होणार होतं?

"सर," त्या म्हणाल्या, "जुलैत कोरडेवस्तीचं मी काय लिहिलं?"

"पाच."

"आन् त्या दिवशी पाचच्या ऐवजी बावीस ठेवले असते, तर तुमी गिरणीवर गेला असताव का?"

 बालाजी सरांनी खिशातून पेन काढलं आणि चौकटीत नऊ लिहिलं. बाईंनी शाळेची प्रतिनिधी म्हणून खाली सही केली. सही नेहमीसारखीच ठसठशीत आली, त्याचं त्यांनाच बरं वाटलं.

तालुक्याची बैठक त्याच आठवड्यात झाली. गौरीशंकर साहेब खुशीत होते. जिल्ह्याहून आलेल्या पथकानं तालुक्यातल्या चार केंद्रांत अचानक जाऊन वाचन तपासलं होतं आणि त्यातल्या तीन केंद्रांचे नव्वदीतले आकडे चाळिशीत आले होते. बाईंच्या केंद्रात पथकाला मिळाले सदुसष्ट, बाईंनी कळवलेले तेवढेच. जिल्ह्याला दाखवायला साहेबांकडं एक तरी खरा आकडा होता. साहेबांनी बाईंना उभं राहून बोलायला सांगितलं.

बाई उठल्या आणि शाळानिहाय यादी वाचायला लागल्या. कोरडेवस्तीची बावीसपैकी वीस, असं सुरू करून त्या खाली खाली आल्या. शेवटी त्यांनी चिंचमाळ वाचलं.

"सव्वीसपैकी नऊ. अकरा शाळांत अकरावी. वर्गशिक्षिका मी."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी यादीवरून मान वर करून तिकडं पाहिलं, तसं ते हसणं थांबलं.

"जुलैत मी चिंचमाळची चोवीस लिहिली व्हती," त्या म्हणाल्या. "त्या अहवालात तेवढा एकच आकडा न तपासता लिहिला आन् तोच खोटा निघाला. सत्तर झाले न्हाईत. शब्द दिला व्हता तसा प्रभार सोडते."

"अहो बाई, बसा खाली," साहेब म्हणाले. "अडतीसवरून सदुसष्ट कुणी आणलेत तालुक्यात? तो कागद मी केव्हाच फाडून टाकला. तीन टक्क्यांसाठी कोण सोडतं? तुमची शाळा नमुन्यातून वगळू हवं तर."

"साहेब, तीन टक्क्यांसाठी न्हाय सोडत मी. सतरा पोरांसाठी सोडते." बाईंचा आवाज चढला नव्हता. "अकरा शाळा बघायचं काम एका माणसाचं हाय. ते तुमी ज्याच्याकडं वर्ग हाय त्याच्या डोक्यावर ठिवता, आन् मग त्याचा वर्ग मोकळा पडतो. मी गेले की माझी पोरं हर्षालीच्या खोलीत. हे एकट्या चिंचमाळचं न्हाय. तालुक्यात जिथं जिथं प्रभारी हाय, तिथला वर्ग तपासून बघा. ज्याला वर्ग न्हाय अशा माणसाला हे काम द्या. वीरप्पा साहेब हायेत की विस्तार अधिकारी. त्यांना गाडी बी हाय."

विस्तार अधिकारी वीरप्पा साहेब चहा पीत होते. त्यांना ठसका लागला. या वेळी अख्खी खोली हसली, आणि गौरीशंकर साहेबही हसू दाबत राहिले. त्यांनी पुढचा विषय घेतला, पण बैठक संपताना बाईंना थांबवून घेतलं.

"दुसऱ्या केंद्रांतल्या प्रभाऱ्यांचे वर्ग तपासायला सांगतो," ते म्हणाले. "पण तुम्ही गेल्यावर हे टिकेल का?"

"बालाजी सरांना विचारा. ते आता कुणाच्या भीतीनं शिकवत न्हाईत." बाईंनी डिकीतला पत्रिकांचा गठ्ठा आणून साहेबांच्या टेबलावर ठेवला. "हे वीरप्पा साहेबांना द्या. लग्नाला बोलावलंय म्हणून सांगा."

बाहेर येऊन त्यांनी स्कूटी सुरू केली आणि पहिल्या वळणावर थांबवली. अकरा गावांचा रस्ता उजवीकडं जात होता. त्यांना रडू आलं, थोडंच आलं, पण आलं. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि चिंचमाळचा रस्ता धरला.

सोमवारी हजेरी घेऊन झाल्यावर सव्वीस पोरं सवयीनं दप्तरं उचलून हर्षाली मॅडमच्या खोलीकडं निघाली. बाईंनी सगळ्यांना परत बसवलं. स्वतः खाली, अर्पिताच्या शेजारी बसल्या आणि एक साधं पुस्तक तिच्यापुढं ठेवलं. पोरीनं लगेच वही काढली, पेन्सिल काढली आणि पुस्तकातली पहिली ओळ सुबक अक्षरात उतरवायला घेतली. बाईंनी तिच्या हातातली पेन्सिल हळूच काढून घेतली.

"लिवू नगंस. वाच."

अर्पिता पुस्तकाकडं बघत राहिली.  मग तिनं दाराकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं.

"बाई, तुमाला जायचं न्हाय का?"

"न्हाय."

"उद्या?"

"उद्या बी न्हाय."

पोरगी थोडी सरकून बाईंच्या जवळ आली, आणि तिनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.